वर सगळे वाजते, खाली काही लागत नाही: ट्रंपेट आणि युफोनियमच्या मंद्र सुरांतील बिघाड कसा शोधावा

‘मास्तर, वर सगळं वाजतंय, खाली कायच लागंना,’ ही तक्रार सांगलीतल्या माझ्या खोलीवर इतक्या वेळा आली आहे, की वाद्य पेटीतून बाहेर निघण्याआधीच मी दोन-तीन प्रश्न विचारून घेतो. ‘लागत नाही’ या दोन शब्दांत निरनिराळे बिघाड दडलेले असतात आणि त्यांचे उपायही निरनिराळे असतात. म्हणून दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी लक्षण नेमके ओळखावे, आणि शक्य असल्यास कागदावर लिहून काढावे.

लक्षणे

कधी खालचा सूर सुरूच होत नाही. ओठांतून नुसती हवा जाते आणि अर्ध्या सेकंदाने सूर उशिरा उमटतो. कधी सूर उमटतो, पण त्यात हुक्क्यासारखी गुरगुर असते. कधी एकाच वेळी दोन सूर वाजल्यासारखे वाटतात आणि आवाज कातरल्यासारखा येतो. कधी आवाज भरदार असतो, पण पहिले आणि तिसरे बटण एकत्र दाबले की, किंवा तिन्ही बटणे दाबली की, सूर ठळकपणे चढा लागतो. याच्या उलट, काही वादकांचा सूर खाली जाताना सैल पडून उतरतो आणि फुग्यातली हवा गेल्यासारखा पोकळ होतो. शेवटचे लक्षण म्हणजे सुरुवातीला सर्व ठीक असते, पण तासाभराच्या वादनानंतर खालचे सूर एकेक करून नाहीसे होतात.

यांपैकी कोणतेही लक्षण एखाद्याच बटणाच्या जोडीवर दिसत असेल, तर संशय आधी वाद्यावर घ्यावा. खालच्या सगळ्याच सुरांवर सारखे दिसत असेल, तर बहुधा ओठांवर. हा नियम अचूक नाही, पण माझ्या अनुभवात तो क्वचितच फसला आहे.

पुढील विवेचनासाठी सुरांची नावे ठरवून घेऊ. आपल्याकडचा नेहमीचा ट्रंपेट बी फ्लॅटचा, म्हणजे गायकांच्या भाषेत काळी पाचचा असतो. एकही बटण न दाबता येणारा खालचा सूर सा मानला, तर त्याखाली दुसऱ्या बटणाने शुद्ध निषाद, पहिल्याने कोमल निषाद, पहिल्या-दुसऱ्याने शुद्ध धैवत, दुसऱ्या-तिसऱ्याने कोमल धैवत, पहिल्या-तिसऱ्याने पंचम आणि तिन्हींनी तीव्र मध्यम येतो. तीव्र मध्यम हा त्या वाद्याचा तळ होय. युफोनियमवर, म्हणजे ट्रंपेटच्याच जातीच्या, पण मोठ्या आणि खर्जातल्या पितळी वाद्यावर, हाच क्रम एक सप्तक खाली मिळतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. तीन बटणांच्या युफोनियमवर या तीव्र मध्यमाच्या खाली आणि अतिखर्जातल्या सा च्या वर असलेले पाच स्वर नळीतच नसतात. ते वाजत नाहीत म्हणून वाद्य दुरुस्तीला आणणारे लोक मला भेटले आहेत. तो बिघाड नाही; ते स्वर हवे असतील तर चार बटणांचे वाद्य घ्यावे लागते.

पैसा न लागणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी पाच मिनिटांची आहे आणि बहुतेक जण तीच टाळतात. बँडमधील दुसऱ्या चांगल्या वादकाला आपले वाद्य वाजवायला द्यावे, आणि त्याचे वाद्य आपण वाजवावे. माउथपीस, म्हणजे ओठ टेकवायचा सुटा तुकडा, मात्र प्रत्येकाने आपापला वापरावा. आपल्या वाद्यावर त्याचाही मंद्र पंचम फुटत असेल, तर वाद्यात दोष आहे. त्याच्या वाद्यावरही आपला पंचम लागत नसेल, तर पिस्टन, म्हणजे बटणांखालचे वर-खाली होणारे दट्टे, उघडून बसण्यात अर्थ नाही. सरळ या लेखाच्या ओठांविषयीच्या भागाकडे जावे. ही अदलाबदल न करता मी स्वतः एकदा पूर्ण आठवडा एका युफोनियमचे पिस्टन घासण्यात घालवला होता, आणि दोष त्या मुलाच्या नव्याने बसवलेल्या पुढच्या दातात निघाला.

त्यानंतर पाणी. गुरगुरीचे कारण दहांतील आठ वेळा साचलेले पाणी असते. वॉटर की, म्हणजे पाणी काढायची छोटी झडप, दाबून फुंकले की मुख्य नळीतले पाणी निघते, परंतु तिसऱ्या व्हॉल्व्हच्या (बटणाच्या झडपेच्या) स्लाइडच्या, म्हणजे बाहेर ओढता येणाऱ्या नळीच्या, वाकात साचलेले पाणी पुष्कळदा तसेच राहते. आणि खालच्या सुरांना नेमकी हीच स्लाइड लागते, वरच्या सुरांना फारशी लागत नाही. म्हणून ‘वर वाजते, खाली गुरगुरते’ ही तक्रार आली, की तिसरे बटण दाबून ती स्लाइड काढावी आणि झटकावी. युफोनियम मात्र पूर्ण गोल फिरवून उलटे करावे लागते.

तिसरी तपासणी वॉटर कीच्या बुचाची. हे बूच शेंगदाण्याएवढे, पण त्यातून सुटणारी हवा खालचे सूर संपवून टाकते. वाजवताना दुसऱ्या कोणाला तरी बोटाने ते बूच घट्ट दाबून धरायला सांगावे. तेवढ्याने सूर सुधारला, तर बूच किंवा त्याची स्प्रिंग बदलावी. गळतीचा त्रास खालीच का जाणवतो, याचे उत्तर सोपे आहे. बटणे दाबत जाऊ तशी नळी लांब होते आणि हवेच्या वाटेत अधिक जोड येतात. उघड्या ट्रंपेटची नळी सुमारे 148 सेंटीमीटरची असते. तिन्ही बटणे दाबल्यावर ती दोन मीटरच्या आसपास जाते, आणि त्या वाढीव नळीतला प्रत्येक जोड ही गळतीची एक नवी शक्यता असते. शिवाय वर वाजवताना वादक जोराने फुंकून गळती झाकू शकतो, खालच्या सुरात ते जमत नाही.

व्हॉल्व्हच्या स्लाइडची गळती तपासण्याची रीतही फुकटची आहे. एरवी स्लाइड ओढताना त्या व्हॉल्व्हचे बटण दाबायचे असते. या तपासणीपुरते ते न दाबता स्लाइड दोनेक सेंटीमीटर बाहेर ओढावी, पाच-सहा सेकंद थांबावे आणि मग बटण दाबावे. ‘पॉक’ असा स्पष्ट आवाज आला तर स्लाइड आणि पिस्टन हवा धरून आहेत. आवाज आला नाही, तर कुठे तरी हवा शिरली. तिन्ही स्लाइडवर ही परीक्षा करून कोणती नापास झाली ते लिहून ठेवावे, कारण पुढे कारागिराला हीच माहिती सर्वांत उपयोगी पडते.

पिस्टन काढून धुतल्यानंतर अचानक बिघाड झाला असेल, तर ते जागा बदलून बसले असण्याची शक्यता मोठी. बहुतेक वाद्यांच्या पिस्टनवर 1, 2, 3 असे आकडे कोरलेले असतात. पिस्टन आपल्या जागी बसला, तरी गाइड (त्याच्या अंगावरची छोटी खुंटी) खाचेत नीट अडकला नसेल तर छिद्रे जुळत नाहीत आणि हवा अडते.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

आमच्या भागात व्हॉल्व्ह ऑइलऐवजी शिलाई मशीनचे तेल, रॉकेल किंवा चक्क खोबरेल घालण्याची पद्धत आहे. खोबरेल तेल 24 अंशांच्या आसपास गोठू लागते, आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पहाटे कृष्णाकाठी तापमान त्याच्या बरेच खाली असते. मग पिस्टन अर्ध्यावर अडकतो, छिद्रे अर्धवट जुळतात आणि दोष मात्र थंडीने फुटलेल्या ओठांना दिला जातो. त्याहून वाईट शत्रू म्हणजे गुलाल. मिरवणुकीत उधळलेला गुलाल बटणांच्या फटींतून आत उतरतो आणि तेलात कालवला जाऊन त्याची लापशी होते. गणपती विसर्जनानंतरचा आठवडा माझ्याकडे फक्त गुलाल काढण्यात जातो.

यावर उपाय म्हणजे वाद्य धुणे. बादलीत कोमट पाणी आणि भांड्यांच्या पातळ साबणाचे काही थेंब घ्यावेत. पिस्टन आणि स्लाइड वेगळ्या करून, फेल्ट (बटणांजवळच्या मऊ कापडी चकत्या) न भिजवता, लवचीक ब्रश नळीतून फिरवावा. पाणी कढत घेऊ नये, कारण त्याने बाहेरचे लॅकर सुटते. पिस्टनला चिंच, राख, भांडी उजळवायची पावडर किंवा पॉलिश पेपर कधीही लावू नये. पिस्टन आणि त्याचे नळकांडे यांच्यातील फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. देवघरातल्या समईला जे शोभते, त्याने पिस्टनचा घास घेतला जातो आणि ती झीज भरून येत नाही. चातुर्मासात महिनोन् महिने पेटीत पडून राहिलेल्या वाद्यात आतून हिरवा कळक चढलेला असतो. माउथपीसजवळच्या नळीत तो अधिक असतो, आणि तिथला बारीकसा अडथळासुद्धा सुरावर बाकी कुठल्याही अडथळ्यापेक्षा जास्त परिणाम करतो.

धुऊन झाल्यावर चांगले तेल घालून पुन्हा वाजवावे. पातळ तेलावर खालचे सूर फुटतात आणि किंचित दाट तेल घातल्यावर ते सुधारतात, असे दिसले तर पिस्टन झिजले आहेत असे समजावे. एका तेलाच्या बाटलीत होणारे हे निदान आहे. दाट तेलावर एखादा हंगाम काढता येतो, कायमचा इलाज मात्र कारागिराकडेच होतो.

आता माउथपीस. तो नळीत बसवून हलक्या हाताने डुगडुगतो का, ते पाहावे. डुगडुगत असेल, तर त्याच्या दांड्याभोवती कागदाची एक पातळ पट्टी गुंडाळून वाजवावे. सूर सुधारला तर दांड्याचे माप जुळत नाही हे सिद्ध झाले. युफोनियमच्या बाबतीत हे फार घडते, कारण त्याच्या माउथपीसचे दांडे लहान, मध्यम आणि मोठे अशा तीन मापांत मिळतात आणि ते एकमेकांना चालत नाहीत. वरचे सूर सोपे जावेत म्हणून उथळ वाटीचा माउथपीस घेतलेल्या ट्रंपेटवादकाने खालचा सूर बारीक येतो अशी तक्रार करू नये. बाख कंपनीच्या माउथपीसच्या क्रमांकात आकडा जितका लहान तितका घेर मोठा, आणि अक्षर ए कडून ई कडे जाईल तशी वाटी उथळ होत जाते. रस्त्यावर वाजवणाऱ्यासाठी सी वाटी हा मध्यममार्ग आहे.

सूर चढा लागतो त्याचे काय

या लक्षणात वादकाचा किंवा वाद्याचा दोष नसतो. तो तीन व्हॉल्व्हच्या गणितातला दोष आहे. सूर अर्ध्या स्वराने उतरवायला नळी साधारण 6 टक्के, एका स्वराने उतरवायला 12 टक्के आणि दीड स्वराने उतरवायला 19 टक्के वाढवावी लागते. पहिल्या आणि तिसऱ्या बटणाच्या नळ्यांची बेरीज 31 टक्के भरते, पण अडीच स्वर उतरण्यासाठी साडेतेहतीस टक्के लागतात. नळी तेवढी आखूड पडते, म्हणून मंद्र पंचम आणि त्याच बटणांवरचा मध्य रिषभ चढे लागतात; तीव्र मध्यम आणि कोमल रिषभ त्याहून जास्त. कारखाने तिसरी नळी किंचित लांब ठेवून ही तूट थोडी कमी करतात, ती पूर्ण भरून निघत नाही.

ट्रंपेटच्या तिसऱ्या स्लाइडला असलेली कडी याचसाठी आहे. पंचमाला ती साधारण एक सेंटीमीटर आणि तीव्र मध्यमाला त्याच्या दुप्पट-अडीचपट बाहेर सरकवावी; नेमके अंतर तानपुऱ्याशी मिळवून कानाने ठरवावे. माझ्याकडे येणाऱ्या दर तीन ट्रंपेटांपैकी दोनांची ही स्लाइड वर्षानुवर्षे जाम असते आणि मालकाला ती हलते हेच माहीत नसते. युफोनियमसाठी डेव्हिड जेम्स ब्लेकली यांनी 1874 साली कंपेन्सेटिंग व्हॉल्व्हची रचना काढली, ज्यात बटणांची जोडी दाबली की जादा नळी आपोआप जोडली जाते. स्वस्त युफोनियममध्ये ती नसते.

ओठ: खर्च शून्य, वेळ फार

वरील सर्व पार पडूनही तक्रार उरत असेल, तर आता प्रामाणिकपणे आरशासमोर बसावे. माझ्या मते आपल्या बँडवाल्यांच्या खालच्या सुरांचे मूळ दुखणे वरातीत आहे. मोकळ्या रस्त्यावर, ढोल-ताशा आणि डीजे यांच्याशी झुंजत चार-चार तास वर आणि जोरात वाजवायचे असते. त्यासाठी ओठ ताणलेले, दात जवळजवळ मिटलेले आणि माउथपीस ओठांत रुतवलेला, अशी बैठक अंगवळणी पडते. या बैठकीत वरचा सूर निघतो, कारण तिथे ओठांचा अगदी थोडा भाग वेगाने कंप पावतो. काळी पाचचा खालचा मोकळा सूर सेकंदाला 233 कंपनांचा आहे आणि त्याच्या दोन सप्तके वरचा सूर 932 कंपनांचा. ट्रंपेटचा तळ 165 च्या आसपास येतो. इतक्या सावकाश हलण्यासाठी वाटीत ओठांचे मांस अधिक यावे लागते आणि मधली फट मोठी असावी लागते. दाबून धरलेल्या ओठांना ते शक्य होत नाही.

म्हणून पहिला बदल जबड्यात करावा. दातांत करंगळी मावेल एवढे अंतर ठेवावे, जबडा किंचित खाली आणि पुढे सोडावा, जीभ ‘ओ’ म्हणताना असते तशी तळाशी ठेवावी. जांभई दाबताना घसा जसा उघडतो, तशी ती अवस्था असते. ओठांचे कोपरे मात्र घट्टच ठेवावेत. इथेच बहुतेकांची चूक होते: ‘सैल सोडा’ म्हटले की ते कोपरेही सोडतात, गाल फुगतात, हनुवटी गोळा होते आणि सूर उतरतो. वर सांगितलेल्या पोकळ, उतरलेल्या आवाजाचे कारण हेच.

हवा जास्त आणि सावकाश हवी. गरम चहावर फुंकर घालतो तशी बारीक, जोरदार हवा इथे चालत नाही. चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तशी रुंद आणि ऊबदार हवा चालते. सूर फुटला की जोर वाढवणे ही स्वाभाविक पण घातक प्रतिक्रिया आहे. खालचा सूर आधी हळू आवाजात स्थिर करावा, आवाज मागाहून वाढवावा. सुरुवात ‘ता’ ने करू नये, ‘दो’ ने करावी. ‘ता’ चा धक्का सावकाश हलणाऱ्या ओठांना झेपत नाही आणि सूर तिथेच दुभंगतो.

सर्वांत चिवट दोष म्हणजे माउथपीसची जागा बदलणे. पुष्कळ वादक वर एका जागी आणि खाली दुसऱ्या जागी माउथपीस टेकवतात, आणि मधल्या एका ठरावीक सुरावर, बहुधा सा किंवा निषादाजवळ, सांधा बदलताना सूर तुटतो. आरशात हे लगेच दिसते. यावर उपाय उलट दिशेचा आहे: मंद्र पंचमावर सुरुवात करून, माउथपीस जराही न हलवता, एकेक अर्धा स्वर वर चढत जावे. ज्या सुरावर हलवण्याचा मोह होईल, तिथे थांबून परत खाली यावे. पहिले दोन आठवडे वरचे सूर बिघडल्यासारखे वाटतात, त्यामुळे हा उपाय लग्नसराईत करू नये. आषाढ-श्रावण त्यासाठी बरे.

रोजचा रियाज वीस मिनिटांचा पुरे. तानपुऱ्याचे ॲप काळी पाचवर लावावे. मध्य पंचमापासून अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली यावे, प्रत्येक सूर सेकंदाला एक या लयीत आठ मात्रा धरावा, आणि जेवढा वेळ वाजवले तेवढाच वेळ वाद्य खाली ठेवावे. विश्रांती वगळणाऱ्याचे ओठ सुजतात आणि सुजलेल्या ओठांवर दोन सूर एकदम वाजतात. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या मिरजेत राहिले, तिथल्या गायनाच्या विद्यार्थ्याला पहाटेचा खर्ज समजावून द्यावा लागत नाही. त्याच्याच शेजारी राहणारा ट्रंपेटवादक मात्र वाद्य हातात घेताच वरच्या षड्जावर उडी मारतो, याचे मला अजूनही नवल वाटते. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. आठवड्यातून एकदा फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवावे, कारण स्वतःची प्रगती वाजवताना ऐकू येत नाही.

कुठे थांबावे

माउथपीस नळीत अडकला तर पकडीने पिरगळू नये. नळीच पिळली जाते. त्यासाठी ओढून काढणारे वेगळे हत्यार असते आणि ते कारागिराकडेच मिळते. जाम झालेल्या स्लाइडवर तेल घालून एक रात्र वाट पाहावी, त्यानंतर हातोडी उचलू नये. बेलचा, म्हणजे पुढच्या कर्ण्याचा, पोचा दिसायला वाईट, पण सुराला फारसा बाधत नाही. माउथपीसजवळच्या नळीचा किंवा व्हॉल्व्हच्या नळकांड्याचा पोचा मात्र लगेच दाखवावा. भांड्यांना डाख देणाऱ्या तांबटाकडे व्हॉल्व्हजवळचा जोड नेऊ नये. त्याचे कौशल्य खरे आहे, पण त्याच्या आचेने शेजारचे चार जोड सुटतात आणि नळकांडे वाकडे होते. मिरजेचे तारवाद्यांचे कारागीर नावाजलेले आहेत, तथापि पिस्टनचे काम हे वेगळेच शास्त्र आहे. नळीवर गुलाबी-तांबूस ठिपके दिसले, तर पितळेतील जस्त निघून जात आहे असे समजावे. ती नळी बदलावीच लागते. झिजलेल्या पिस्टनला नव्याने मुलामा देण्याचा खर्च आधी विचारून घ्यावा, कारण स्वस्त वाद्याच्या बाबतीत तो वाद्याच्या किमतीला भिडू शकतो.

शरीराच्या बाबतीत थांबण्याची रेषा आणखी अलीकडे ओढावी. दात पडला, नवा बसवला किंवा तारा लावल्या, तर दंतवैद्याला आपण फुंकवाद्य वाजवतो हे आधी सांगावे. ओठाच्या आत एकाच जागी टोचल्यासारखी वेदना होत असेल, किंवा ओठाची ताकद एका वादनात अचानक गेली असेल, तर स्नायू फाटलेला असू शकतो. त्यावर जोर देऊन वाजवत राहणे सर्वांत हानिकारक. वेदना नाही, वाद्य ठीक आहे, विश्रांती घेतली आहे, आणि तरीही एखाद्या ठरावीक सुरावर ओठ किंवा जबडा स्वतःहून वळतो, थरथरतो, तर तो रियाजाचा प्रश्न नसून मज्जासंस्थेचा असू शकतो. अशा वेळी अधिक रियाज केल्याने स्थिती बिघडते; मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे, आणि जाताना वाद्य सोबत न्यावे, म्हणजे नेमक्या कोणत्या सुरावर काय होते ते डॉक्टरांना प्रत्यक्ष पाहता येईल.